घर सापडलं नाही

सोमवारी सकाळी सव्वासातला रान्वाचा फोन.
ती कॉड माशाच्या कानातली हाडं वाचते,
तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी,
एका वर्तुळाचं एक वर्ष.
अकरा वर्षांची तिची मोजणी
आज जागेवर नाही.
“पासवर्ड घेतला, आत सोडलं,
आणि म्हणालं, घर सापडलं नाही,
मुळाशी ठेवत आहे.”

मूळ म्हणजे एक तिरकी रेघ.
तिथे बसून ती विचारते, आता?

शनिवारी रात्री तोर्शाव्हनवरून वादळ गेलं.
वीज दोनदा गेली, दोनदा आली.
तळघरातल्या यंत्रांचे दिवे हिरवे झाले,
आणि हिरवं म्हणजे ठीक, असं समजून
रविवारी मी भावाकडे कुंपण दुरुस्त करायला गेले.

होम उघडते. रिकामं.
यात घाबरायचं नाही, हे होग्नीने शिकवलं होतं
पहिल्याच आठवड्यात, बोटाला कॉफी लागलेली असताना:
इथली घरं कायमची उभी नसतात.
नावाने हाक मारलीस की सर्व्हरवरून घर येतं
उंबऱ्यासकट.
पाच मिनिटं आत कोणी हललं नाही
की निमूट परत जातं.
रिकामं दिसतं ते रिकामं नसतं गं,
त्याला कोणी हाक मारलेली नसते.

हाक मारते: रान्वा.
असं काही नाही.
माझंच नाव घेते.
असंही काही नाही.

सर्व्हरला पिंग. लगेच ओ देतो.
मग भलत्याच जागी, हाताने, तिचं घर जोडून बघते:
आलं. अकरा वर्षं, सगळे कॉड.
म्हणजे घर आहे, वाट आहे,
हाक ऐकणाराच झोपलाय.

नाही. लॉग म्हणतो, झोपला नाही,
फार लवकर उठला.
दोन वाजून चार मिनिटं, एकोणीस सेकंद:
ऑटोमाउंट जागा झाला, नकाशा मागितला.
एकावन्नाव्या सेकंदाला नेटवर्क आलं.
मार्चमध्ये बसवलेला नवा स्विच
दार उघडण्याआधी तीस सेकंद चाचपतो,
वाट फिरून स्वतःकडेच येत नाही ना.
तेवढ्यात यानं अंधारात विचारलं,
गावात कोण कोण राहतं?
कोणी बोललं नाही.
यानं लिहून घेतलं: कोणी नाही.
आणि त्या कोऱ्या नकाशावर
सव्वा दिवस इमानानं पहारा दिला.

त्याच्या कानात एक ओळ घालते:
नेटवर्क आल्यावरच ऊठ.
पुन्हा सुरू करते. घरं येतात.

रान्वाचा पुन्हा फोन.
“सगळं आहे. पण मालक म्हणून
नोबडी लिहिलंय.
माझे मासे कोणाचेच नाहीत?”

हाताने जोडलं तेव्हा
मालकाचा रकाना मी बघितलाच नव्हता.
डोमेनच्या नावात एक अक्षर कमी.
मार्चमध्ये, स्विच बसवताना, माझ्याच हातून.
तेव्हापासून यंत्र कधी बंद झालं नाही,
म्हणून चूकही शहाण्यासारखी पडून होती.
मी तिला म्हटलं, वादळामुळे असं होतं.
मग पुन्हा फोन करून खरं सांगितलं.
ती म्हणाली, “बरं,” आणि हाडांकडे वळली.

आता तपासणी. यंत्र बंद, यंत्र चालू.
हाक मारायला एक नाव हवं होतं
जे आज कोणी वापरत नाही.
होग्नी निवृत्त होऊन सुदुरॉयला गेलाय,
फोन उचलत नाही, मेंढ्या उचलतो म्हणतात.
नाव टाइप केलं.
घर आलं.
एकच फाइल, तीन वर्षांपूर्वीची, नाव ‘नंतर’.

उघडली नाही.
बाहेर पडून हात मांडीवर ठेवून बसले,
घड्याळाकडे बघत, हललेच नाही.
पाच मिनिटांनी ते गेलं,
जसं जायला हवं तसं.